टिकवण्याची बातमी का होत नाही?

मध्यंतरी व्हॅनचे सायलेन्सर चोरीला जाण्याच्या बातम्या सारख्या येत होत्या. चोराला पत्र्यात काडीचाही रस नसतो. त्याला हवी असते आतली मातीसारखी भुकटी. कारण तिच्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं.

हे धातू तिथे कॅटॅलिस्ट, म्हणजे उत्प्रेरक म्हणून बसवलेले असतात. धुरातल्या विषारी वायूंचं ते कमी घातक वायूंमध्ये रूपांतर करतात. ‘उत्प्रेरक स्वतः खर्ची पडत नाही’ हे आपण बारावीला पाठ केलंय. पण ते अर्धंच खरं. तो खर्ची पडत नसला, तरी थकतो!

कसा? रिअॅक्शन धातूच्या पृष्ठभागावर होते. म्हणून महागडा धातू नॅनोकणांच्या रूपात पसरवतात. कण जितका लहान, तितके त्याचे जास्त अणू कामाला येतात. पण उष्णतेने हे कण सरकतात आणि एकमेकांना चिकटतात. साबुदाण्याच्या खिचडीचा गोळा होतो ना, अगदी तसंच. धातू तेवढाच राहतो, पृष्ठभाग मात्र घटतो. त्यात इंधनासारख्या पदार्थांवर काम करताना कार्बनची पुटंही चढतात.

खिचडी मोकळी राहावी म्हणून आई शेंगदाण्याचं कूट घालते. संशोधकांचा उपायही त्याच जातीचा आहे. प्रत्येक कण आपल्या जागी कोंडून ठेवायचा. त्यासाठी अॅटॉमिक लेयर डिपॉझिशन, म्हणजे एएलडी, ही पद्धत वापरतात. फिनलंडच्या तुओमो सुन्तोला यांनी ती १९७४ मध्ये डिस्प्लेसाठी विकसित केली. आज चिप बनवताना ती सर्रास वापरतात. यात दोन वायू एकाच वेळी सोडत नाहीत, आळीपाळीने सोडतात. पहिल्याचा एक थर पृष्ठभागावर बसला की रिअॅक्शन आपोआप थांबते. उरलेला वायू काढून टाकायचा, मग दुसरा सोडायचा. जितक्या फेऱ्या, तितकी जाडी. अंदाजपंचे काही नाही.

अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये पॅलेडियमच्या नॅनोकणांवर अॅल्युमिनाचे असे ४५ थर चढवले. आता कुणीही विचारेल, झाकलेला धातू काम कसा करणार? तर त्या थरात बारीक छिद्रं होती. वायू आत-बाहेर करू शकत होते, कण मात्र हलू शकत नव्हते. इथेनपासून इथिलीन बनवताना ६५० अंश सेल्सिअसला तासाभरात जमलेला कार्बन, उघड्या कणांच्या तुलनेत ६ टक्क्यांहूनही कमी होता. ६७५ अंशांवर २८ तास चालवल्यावरही कणांच्या रूपात दिसण्याजोगा बदल नव्हता. आणि इथिलीनही जास्त मिळालं.

आता माझा मुद्दा. मी मास कॉमची विद्यार्थिनी. बातमीत ‘पहिला’, ‘सर्वात मोठा’, ‘क्रांतिकारी’ असे शब्द शोधायची आम्हाला सवय लागते. ‘जुनंच पॅलेडियम जास्त वेळ टिकलं’ ही हेडलाइन कोण देणार? पण जगातलं बहुतेक प्लॅटिनम दक्षिण आफ्रिकेच्या खाणींतून येतं, आणि आपल्याला ते आयातच करावं लागतं. अशा देशासाठी एक ग्रॅम धातू दुप्पट काळ चालणं ही छोटी गोष्ट आहे का?

अडचणी आहेतच. ही पद्धत संथ आणि खर्चिक आहे. थर जास्त जाड झाला तर कण गुदमरणार. टनावारी भुकटीवर तो सारखा चढवणं सोपं नाही. गाडीच्या सायलेन्सरमध्ये हे उद्याच येईल, असा दावा मी करणार नाही. पण चिपसाठी हाच संथपणा आपण आनंदाने सोसतो! चिप म्हटलं की सेमिनार हॉल भरतो. केमिस्ट्रीच्या मुलांना मात्र अजूनही ‘स्कोप काय?’ म्हणून विचारतात. एएलडीचं यंत्र या दोघांनाही लागतं, हे त्यांना कुणी सांगतच नाही.

चूक आम्हा लिहिणाऱ्यांचीही आहे. म्हणून सुरुवात माझ्यापासून. पुढच्या सायन्स एक्झिबिशनला रिपोर्टिंगला गेले की ‘यात नवीन काय?’ या प्रश्नावर थांबणार नाही. ‘हे किती तास चाललं?’ हेही विचारीन. तुम्हीही विचारून बघा. उत्तर देणाऱ्याची कळी खुलेल, कारण हा प्रश्न त्याला फारसं कुणी विचारलेलाच नसतो.