आखडता हात



आमच्या इंदूरच्या जुन्या घराचा उंबरठा चांगला वीतभर उंच आहे. पन्नास वर्षे मी तो ओलांडत आले, पण त्याच्याकडे कधी लक्ष गेले नाही. नातवाच्या पायांची शस्त्रक्रिया झाली आणि तोच उंबरठा मला डोंगराएवढा दिसू लागला.

नातू सातव्या महिन्यात जन्मला. दोन वर्षांचा झाला तरी उभा राहीना. पुढे चालू लागला तोही चवड्यांवर, गुडघ्याला गुडघा घासत. डॉक्टरांनी ‘सेरेब्रल पाल्सी’ असे निदान केले. म्हणजे जन्माच्या आगेमागे मेंदूला झालेली इजा. शेजारणींनी मात्र सूनबाईला ग्रहण पाळले होते की नाही, हेच विचारले. अपुऱ्या दिवसांच्या आणि कठीण प्रसूतीशी या विकाराचा संबंध लंडनच्या डॉ. लिटल यांनी १८६१ सालीच मांडला होता. आमच्या गल्लीपर्यंत ती वार्ता अद्याप पोहोचायची आहे, एवढेच!

मेंदूतील ती इजा वाढत नाही. परंतु मूल वाढते. हाडे लांब होतात, ताठरलेले स्नायू त्या वेगाने वाढत नाहीत, आणि पाय वर्षागणिक अधिक आखडतात. पूर्वी अशा मुलांवर थोड्या थोड्या वर्षांनी एकेक शस्त्रक्रिया करीत. आता शक्यतो आवश्यक तेवढ्या सर्व एकाच वेळी करतात. आठव्या वर्षी नातवाच्या दोन्ही पोटऱ्यांचे आणि मांडीमागचे स्नायू लांबवण्यात आले. याने मेंदू बरा होणार नाही, चालणे तेवढे सुकर होईल, हेही डॉक्टरांनी आधीच स्पष्ट केले होते.

प्लॅस्टरचे सहा आठवडे आम्ही नेटाने काढले. उशी पोटरीखाली ठेवायची, म्हणजे टाच अधांतरी राहते आणि तिला जखम होत नाही. खाज सुटली तरी विणायची सुई आत घालू द्यायची नाही. बोटांचा रंग आणि ऊब वरचेवर पाहायची. ती निळसर वा गार पडली, किंवा औषध देऊनही वेदना वाढत गेली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे. हे सारे सांगितल्याबरहुकूम करता येते.

खरी कसोटी पुढेच होती. प्लॅस्टर निघाले तेव्हा पाय काटकुळे झाले होते. लांबवलेला स्नायू आरंभी दुबळाच असतो. पूर्वी घरभर फिरणारे पोर भिंत धरूनही उभे राहीना. “आई, आपण चूक तर केली नाही ना?” मुलाने मला हळूच विचारले. पूर्वीची चाल परत यायला कित्येक महिने आणि पुरता लाभ दिसायला वर्ष-दीड वर्ष लागते, हे आम्ही ऐकले होते; परंतु ऐकणे वेगळे आणि डोळ्यांनी पाहणे वेगळे.

व्यायाम शिकवणाऱ्या बाई हिंदीतून दहा अंक मोजीत. तोवर पाय ताणून धरायचा. घरी मी मराठीतून मोजी. “आजी, तुझे दहा फार उशिरा येतात,” अशी त्याची तक्रार असे. हळूहळू माझे दहा लवकर येऊ लागले! सूनबाई नोकरीवर गेली की दुपारी घरात आम्ही दोघेच. तो रडला की मी व्यायाम उरकून घेई, झोपताना पायांचे पट्टे सैल करी, आणि न्हाणीघरापर्यंत त्याला कडेवर नेई. पुढच्या तपासणीत गुडघे पुन्हा आखडू लागल्याचे दिसले. मला सगळे कबूल करावे लागले.

सूनबाई रागावली नाही. एवढेच म्हणाली, “आई, तुमची माया मला कळते. पण आपण त्याला किती वर्षे उचलणार? तो मोठा होईल आणि आपण थकू.” त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्याच्याने त्याचे रडणे पाहवत नव्हते, आणि त्याची किंमत त्याचे पाय देत होते.

दुसऱ्या दिवसापासून मी शिकू लागले. ताण बसल्याचे कुरकुरणे निराळे आणि खरी कळ निराळी. कळ आली तर थांबायचे, कुरकुरीसाठी नाही. सदरा घालायला त्याला पाऊण तास लागला तरी बटणाला हात लावायचा नाही. आणखी एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. थोरली नात एकदा म्हणाली, “मलाही प्लॅस्टर घाला ना.” तेव्हापासून रविवारची संध्याकाळ आईने केवळ तिच्यासाठी राखून ठेवली आहे.

आपण महाराष्ट्राबाहेरची माणसे. म्हणून एक सांगते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत सेरेब्रल पाल्सी असलेल्यांसाठी एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे. दोन्ही तरतुदी केंद्राच्या आहेत, तेव्हा आपल्याही गावी चौकशी जरूर करा.

अकरा महिन्यांनी एका सकाळी नातू कुबड्या घेऊन उंबरठ्यापाशी आला. “आजी, धरू नकोस हं!” मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभी राहिले. एकदा तो अडखळला. नंतर एक पाय पलीकडे गेला, मग दुसरा, आणि स्वारी ओट्यावर! टाच जमिनीला टेकली होती. दूर जायचे तर आजही त्याला चाकांची खुर्ची लागते, आणि कदाचित नेहमीच लागेल. परंतु घराबाहेर पडायला तो आता कुणाची वाट पाहत नाही.

हात आखडता घेणे हा आपल्याकडे कद्रूपणा समजतात. मायेच्या माणसाला तो घ्यावा लागतो तेव्हा किती जड जातो, ते मी या वर्षी अनुभवले. ज्यांच्या घरी असे बाळ आहे, त्या आजींना माझे सांगणे एवढेच: हात जवळ असू द्या, पण पाठीमागे.