आर्जव कोणाचे?



दशलक्षण पर्वाचा तिसरा दिवस उत्तम आर्जव धर्माचा. मन, वचन आणि काया यांची एकरूपता म्हणजे आर्जव; त्याच्या विरुद्ध उभा असतो तो माया कषाय. गतवर्षी त्या दिवशीचे प्रवचन संपल्यावर आमच्या गावच्या एक अक्का मंदिरात मागे थांबल्या. सारे श्रावक गेल्यावर हळूच म्हणाल्या, "भाऊ, माझे लेकरू मायाचारी आहे का हो?"

मुलगा म्हणून वाढलेले त्यांचे हे अपत्य पुण्यात नोकरी करते आणि तेथे स्त्री म्हणून, स्वतः निवडलेल्या नावाने राहते. वडिलांची अट एकच : घरी यायचे तर मुलगा म्हणूनच. म्हणून पर्वाला येताना ती वाटेतच नखांचा रंग पुसते, कानांतले काढते, शर्ट-पँट चढविते. चार दिवस जुन्या नावाच्या हाकेला ओ देते आणि प्रवचनात मान खाली घालून बसते.

मोहनीय कर्माच्या नोकषायांत स्त्री, पुरुष व नपुंसक असे तीन वेद सांगितले आहेत. देहाचा तो द्रव्यवेद, अंतरीचा तो भाववेद. हे दोन्ही बहुधा सारखे, पण क्वचित भिन्नही असतात, असे गोम्मटसार जीवकांडात नमूद आहे. आजची परिभाषा त्यात शोधू नये. तथापि देह आणि भाव यांत अंतर असू शकते, हे आपल्या आचार्यांना अपरिचित नव्हते. आपली लिंगओळख स्वतः ठरविण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये मान्य केला. 2019 च्या कायद्याने अशा व्यक्तीला कुटुंबाच्या घरात राहण्याचा हक्क दिला.

मी अक्कांना म्हणालो, "खरे बोलताच ज्याच्यासाठी घराचे दार बंद होते, त्याच्या मौनाला कपट कसे म्हणावे? तेथे आर्जवाची पहिली जबाबदारी दार अडविणाऱ्याची आहे."

यंदा अक्का पुन्हा भेटल्या. वडिलांचा अबोला अद्याप सुटलेला नाही. परंतु लेक पुण्यास परतली त्या रात्री अक्कांनी फोनवर "पोहोचलास का?" असे न विचारता प्रथमच "पोहोचलीस का?" असे विचारले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग रडवेल्या स्वरात उत्तर आले, "हो, आई."

वाचकहो, क्षमावाणीला आपण साऱ्या गावाची क्षमा मागतो. त्यात आपले लेकरूही असावे.