एवढं कशाला कुत्र्यासाठी?

'आमच्या कुत्र्याची सोनोग्राफी करायची आहे' हे वाक्य एकदा चारचौघांत उच्चारून बघा. पहिला हसतो. दुसरा आवाज खाली आणून विचारतो, "दिवस गेलेत का हो तिला?" ती नसून तो आहे असं सांगितलं की बिचारा बुचकळ्यात पडतो, कारण सोनोग्राफी ही डोहाळजेवणाच्या आधीच करायची गोष्ट आहे अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. तिसरा विचारतो, "कितीला पडते?" हा बहुधा आमच्याच बँकेतला असतो. चौथा मात्र हसत नाही आणि विचारतही नाही. तो एक उसासा सोडतो आणि म्हणतो, "इथे माणसांना धड औषध मिळत नाही, आणि एवढं कशाला कुत्र्यासाठी?"

पहिल्या तिघांशी माझं काही भांडण नाही. हा लेख चौथ्यासाठी आहे.

या चौथ्याला मी गेले पंधरा दिवस फार जवळून पाहतो आहे. तो आमच्या सोसायटीत आहे, बँकेत आहे आणि सासुरवाडीत तर दोन आहेत. त्याचा आक्षेप दिसायला फार उदात्त असतो. पण मी पडलो बी. कॉम. मला कोणी नुसती डेबिटची बाजू दाखवली की मी क्रेडिटची बाजू मागतो. खंडूच्या तपासणीचे पैसे मी वाचवले असते, तर ते नक्की कोणत्या गरीब रुग्णाच्या खात्यात जमा होणार होते? कोणाच्याच नाही. फार तर त्या रविवारी आम्ही चौघं हॉटेलात जेवलो असतो, आणि तेव्हा "इथे माणसं उपाशी आहेत" म्हणायला हा चौथा आला नसता. पाचवी खुर्ची ओढून बसला असता! याच गृहस्थांनी मुलीच्या साखरपुड्यात आकाशात ड्रोन उडवला होता. वरून पाहुण्यांची टकलं तेवढी दिसली. त्या खर्चाबद्दल कोणी उसासा सोडला नाही.

माणसांना औषध मिळत नाही हे खरंच आहे. त्यासाठी मोर्चा काढा, मी रजा टाकून येतो. पण त्या मोर्चाचा रस्ता खंडूच्या पोटावरून जात नाही, एवढंच माझं म्हणणं.

इथे हरलं की चौथा दुसरं हत्यार काढतो. "पूर्वी कुठे होती ही थेरं? आमच्या गावच्या वाड्यात सहा-सहा कुत्री होती. मजेत जगायची." जगायची ना! आणि मग? मग एक दिवस 'कुठेतरी गेली'. जुन्या वाड्यातली कुत्री कधी आजारी पडून मेली नाहीत, ती कायम 'कुठेतरी गेली'. गवताच्या गंजीमागे, नाहीतर ओढ्याच्या काठाला. कशाने गेली हे कोणी विचारलं नाही, म्हणून ती मजेत जगली असा हिशेब लागला. अहो, पूर्वी माणसंसुद्धा नुसती 'पोटात दुखून' जात होती. ते काही फार आनंदाचे दिवस होते असं नाही.

आता या यंत्राचा इतिहासच काढायचा, तर तोही खंडूच्या बाजूचा आहे. ग्लासगोला इयन डोनाल्ड नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. कारखान्यात धातूच्या आत तडा आहे का हे ध्वनिलहरींनी शोधायचं यंत्र असतं, हे त्यांना कळलं. १९५५ साली हे गृहस्थ शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीच्या डिकीत घालून थेट बॉयलरच्या कारखान्यात गेले. गाठीचा आणि निरोगी मांसाचा प्रतिध्वनी वेगळा येतो का हे बघायला कारखान्याने तुलनेसाठी एक भला मोठा मांसाचा तुकडा आणून ठेवला. पुढे १९५८ साली त्यांचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला आणि पोटाच्या सोनोग्राफीचं युग सुरू झालं. म्हणजे मुळात हे यंत्र बॉयलरसाठी होतं. बॉयलरला चालतं, माणसाला चालतं, आणि कुत्र्याला म्हटलं की चैन? आणि तो मांसाचा तुकडा लक्षात घेता या शोधात पहिला रस कोणाला वाटला असता, हे मी सांगायला नको.

खरा मुद्दा वेगळाच आहे. माझ्या पोटात दुखलं तर मी घर डोक्यावर घेतो. ही साक्षीला आहे. खंडू काय करतो? काही नाही. अकरा वर्षं दाराशी झोपणारा कुत्रा एक दिवस पलंगाखाली जाऊन झोपायला लागला. भाकरीचा तुकडा हुंगून बाजूला ठेवायला लागला. बस्स, एवढीच त्याची तक्रार. जनावर दुखणं लपवतं. ते त्याच्या रक्तातच आहे. आमच्या डॉक्टरांनी पोट चाचपलं, रक्त तपासलं, क्ष-किरणाचा फोटो काढला. फोटोत डाव्या बाजूला एक सावली दिसली. पण सावली कशाची हे फोटो सांगत नाही. आत काय आहे, घट्ट की पाण्याने भरलेलं, हे सोनोग्राफी सांगते. ज्याला बोलता येत नाही त्याची जबानी घ्यायची हीच एक रीत. माणसाची सोनोग्राफी एकवेळ चैन असेल, कारण त्याला तोंड आहे.

आमच्या डॉक्टरांकडे ते यंत्र नव्हतं, म्हणून त्यांनी दुसरीकडे चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर तीन शब्द होते: 'सोनोग्राफी, पोट, कुत्रा.' आता वीस वर्षं व्हाउचरं तपासणाऱ्या माणसाच्या हातात असा कागद द्यावा का? रक्कम न लिहिलेला चेकच तो! मी तो काउंटरच्या सवयीने नम्रपणे परत केला. म्हटलं, "डॉक्टरसाहेब, वय, वजन, त्रास कधीपासून, चालू औषधं, रक्ताचा रिपोर्ट, आणि मुख्य म्हणजे आपल्याला त्यांच्याकडून काय जाणून घ्यायचंय, तो प्रश्न?" डॉक्टर हसले, पण शहाणा माणूस, त्यांनी पानभर लिहून दिलं आणि फोटोही जोडला. वाचकहो, कुत्रं असो की मांजर, प्रश्न न लिहिलेली चिठ्ठी घेऊन जाऊ नका. प्रश्नच नसेल तर समोरचा उत्तर तरी कशाचं शोधणार?

सोनोग्राफीच्या ठिकाणी फोन केला. "रिकाम्या पोटी आणा," एवढं बोलून पलीकडच्या बाईंनी फोन ठेवला. आता रिकाम्या म्हणजे किती रिकाम्या? मी पुन्हा फोन केला. पाणी चालेल का? चालेल. नेहमीची गोळी? डॉक्टरांना विचारा. किती तास? बारा. आणि लघवी? "हो, ती करू देऊ नका, मूत्राशय भरलेलं हवं." हे सगळं मी विचारलं म्हणून कळलं. विचारत नाही तो माणूस सकाळी कुत्र्याला छान फिरवून, सगळे खांब उरकून, दूधपोळी घालून नेतो आणि पुढची तारीख घेऊन परत येतो. यात त्याचा काय दोष? उपाशी का ठेवायचं हे एका वाक्यात सांगता येतं: अन्न असलं की पोटात वायू असतो, आणि वायूतून त्या लहरी पुढे जात नाहीत, पडद्यावर नुसतं धुकं दिसतं. एवढं कारण सांगितलं तर माणूस नियम पाळतो. नुसता हुकूम सोडला की पळवाट शोधतो. आणि लहान पिल्लू असेल किंवा मधुमेहाची सुई चालू असेल, तर हा बारा तासांचा नियम परस्पर लावायचा नसतो, आधी डॉक्टरांना विचारायचं असतं. हेही फोनवर कोणी आपणहून सांगत नाही.

बारा तास उपास! बरं, खंडू एकट्या आमचा नाही, अख्ख्या सोसायटीचा. तळमजल्यावर बिस्कीट, पहिल्या मजल्यावर पोळी, वॉचमनच्या डब्यातली बोटी. शेवटी चिरंजीवांनी त्याच्या गळ्यात पाटी अडकवली: 'माझा उपास आहे. कृपया काही देऊ नये.' लोकांनी वाचली. शेजारच्या आजींनी तर फारच भक्तिभावाने वाचली आणि विचारलं, "मग साबुदाण्याची खिचडी चालेल ना रे त्याला?"

सकाळी आमच्या दारापासून रिक्षापर्यंत विजेचे सात खांब. अठरा किलोचं ते कुत्रं मी बाळंतिणीसारखं उचलून नेलं. प्रत्येक खांबाशी त्याने माझ्याकडे असं काही पाहिलं की जन्मभर विसरणार नाही.

तिथे पोटावरचे केस मशीनने काढले, कारण केसांत हवा अडकते. थंडगार जेली लावली. उताणा निजवून आम्ही दोघांनी पाय धरले. भूल द्यावी लागली नाही. चुळबुळ्या जनावराला कधी द्यावी लागते. दुखत काहीच नाही. "त्याला तो आवाज ऐकू येत असेल ना?" हिने विचारलं. नाही येत. माणसाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला पंचेचाळीस हजारांच्या आसपास. हे यंत्र लाखांच्या भाषेत बोलतं. खंडू नुसता हिच्या हाताला नाक लावून पडून राहिला.

प्लीहेवर, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत पानथरीवर, गाठ आहे. चांगली की वाईट, ते चित्रावरून सांगता येत नाही. सुईने नमुना काढून तपासावा लागतो.

हे कळल्याबरोबर चौथा हजर! "मग काय उपयोग झाला एवढ्या खटाटोपाचा?" अहो, पासबुक भरून घेतल्याने शिल्लक वाढत नाही. म्हणून काय लोक पासबुक भरत नाहीत? किती आहे हे कळलं म्हणजे काय करायचं ते ठरवता येतं. गाठ काढायची, की या वयात न काढता दुखणं तेवढं कमी ठेवायचं, हे आम्ही ठरवू. पण माहीत असून ठरवू. पलंगाखाली तो 'कुठेतरी जाईपर्यंत' वाट बघणार नाही.

आमच्या बँकेत अज्ञान खातेदार असतो. त्याच्या वतीने पालक सही करतो, आणि ती सही खातेदाराच्या हिताची असावी लागते. पालकाच्या सोयीची नव्हे. घरात जनावर आणणं म्हणजे असं एक खातं उघडणं. हा खातेदार कधी सज्ञान होत नाही, कधी तक्रार लिहीत नाही. हा नुसता माझा हळवेपणा नव्हे. १९६० च्या प्राण्यांविषयीच्या क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं तिसरं कलम काढून बघा: जनावर ज्याच्या ताब्यात आहे, त्याने त्याच्या भल्यासाठी वाजवी ते सगळं करणं आणि त्याला विनाकारण वेदना होऊ न देणं हे त्याचं कर्तव्य आहे. कायद्याने 'कर्तव्य' म्हटलंय. 'चैन' हा शब्द तिथे नाही.

तरीही ज्यांना आक्षेप असेल त्यांनी तो लेखी, तीन प्रतींत द्यावा. मात्र येत्या सोमवारी येऊ नये. सोमवारी सुईचा नमुना आहे, खंडूचा पुन्हा उपास आहे. आणि इतर दिवशी याल तेव्हा जरूर या. तो तुमच्याकडे बघूनही शेपूट हलवतो, त्याला तुमची मतं ठाऊक नाहीत. फक्त येताना खिशात बिस्कीट आहे का, ते आधी दारात सांगा.