विश्लेषण : ई-२० पेट्रोलवर इंजिन स्वतःला कसे सावरते? गाडीतील नोंदी काय सांगतात?

पुणे-नाशिक महामार्गावरील कुरुळी आणि शेजारचे निघोजे या गावांत मर्सिडीज-बेंझचा कारखाना आहे. फोक्सवॅगन, महिंद्र आणि बजाज यांचे चाकण परिसरातील कारखानेही जवळच आहेत. गाड्या घडवणाऱ्या या पट्ट्यातही प्रश्न तोच आहे, जो देशभरातील गाडीमालक विचारत आहेत : २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे जुन्या गाडीचे नेमके काय होते? एका बाजूला ‘काहीही होत नाही’ आणि दुसऱ्या बाजूला ‘इंजिन खराब होते’, अशी ठाम विधाने ऐकू येतात. उत्तराचा मोठा भाग मात्र प्रत्येक गाडीच्या संगणकात साठलेला असतो. तो वाचायचा कसा, आणि वाचल्याशिवाय इंजिनात फेरफार का करू नये?

हवा-इंधन मिश्रण म्हणजे काय?

एक ग्रॅम शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीपासूनच असतो, त्यामुळे एक ग्रॅम इथेनॉलला सुमारे ९ ग्रॅम हवा पुरते. या हिशेबाने ई-१० पेट्रोलसाठी हे प्रमाण साधारण १४.१ आणि ई-२० साठी १३.५ येते. म्हणजे सिलिंडरमध्ये हवा तेवढीच आली, तरी ई-१० ऐवजी ई-२० असेल तर घनफळाने सुमारे चार टक्के जास्त इंधन सोडावे लागते. शुद्ध पेट्रोलशी तुलना केली तर ही वाढ सात-आठ टक्क्यांवर जाते.

इंधन कमी पडले तर मिश्रण ‘लीन’ होते. इंजिन पिकअपला अडखळते आणि जास्त भार असताना ते अधिक तापू शकते. इंधन जास्त झाले तर मिश्रण ‘रिच’ होते. पेट्रोल वाया जाते, धूर वाढतो. सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तर अचूक प्रमाणाच्या अगदी अरुंद पट्ट्यातच तिन्ही प्रमुख प्रदूषक वायू एकदम कमी करू शकतो.

इंधन बदलल्याचे गाडीला कसे कळते?

एक्झॉस्टमध्ये बसवलेल्या ऑक्सिजन सेन्सरमुळे. बॉश कंपनीचा हा ‘लॅम्ब्डा’ सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांतून पहिल्यांदा बाजारात आला. जळून बाहेर पडणाऱ्या वायूत ऑक्सिजन उरला आहे का, हे तो सतत इंजिनच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, सांगत राहतो. लॅम्ब्डा १ म्हणजे अचूक मिश्रण. १ पेक्षा जास्त म्हणजे लीन, कमी म्हणजे रिच.

ऑक्सिजन उरलेला दिसला की ईसीयू इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. या दुरुस्तीला ‘फ्युएल ट्रिम’ म्हणतात. क्षणाक्षणाला बदलते ती शॉर्ट टर्म ट्रिम. तीच दुरुस्ती वारंवार लागत असेल तर ईसीयू ती लक्षात ठेवतो, ती लाँग टर्म ट्रिम. आकडा अधिक असेल तर संगणक इंधन वाढवत आहे, उणे असेल तर कमी करत आहे. ई-१० साठी बेतलेल्या निरोगी गाडीत ई-२० भरले, तर काही दिवसांत ही ट्रिम तीन-चार टक्क्यांनी वर सरकणे अपेक्षित आहे. बहुतेक गाड्यांत वीस-पंचवीस टक्क्यांच्या आसपास पोहोचेपर्यंत ‘चेक इंजिन’चा दिवा लागत नाही. म्हणजे सुस्थितीतील इंजेक्शनच्या गाडीला मिश्रणापुरता हा बदल पेलतो. पण ज्या गाडीची ट्रिम आधीच पंधरा टक्क्यांवर होती, तिच्यासाठी हेच चार टक्के वरचे ओझे ठरतात.

नोंदी कशा घ्यायच्या आणि वाचायच्या?

स्टीअरिंगखाली असलेल्या १६ पिनांच्या ओबीडी सॉकेटला स्कॅनर किंवा ब्लूटूथ उपकरण जोडले की मोबाइलवर आरपीएम, इंजिनवरील भार, कूलंटचे तापमान, सेन्सरचे वाचन आणि दोन्ही ट्रिम दिसतात व साठवताही येतात. एका क्षणाचा आकडा फारसे काही सांगत नाही. इंजिन पूर्ण गरम झाल्यानंतरची अर्ध्या तासाची नोंद हवी, आणि तीत चाकणच्या तळेगाव चौकातील रखडपट्टीही हवी, महामार्गावरचा एकसारखा वेगही हवा. चालकाने मोबाइलकडे पाहायचे नाही. नोंद होऊ द्यावी आणि नंतर थांबून वाचावी.

खरी माहिती आकड्यांच्या नमुन्यात असते. गाडी उभी असताना ट्रिम खूप जास्त आणि वेग घेतल्यावर कमी होत असेल, तर कुठून तरी जादा हवा आत शिरत असण्याची शक्यता असते. एखादा फाटलेला व्हॅक्यूम पाइपही पुरतो. उलट उभ्या गाडीत ट्रिम ठीक आणि भार वाढला की चढत असेल, तर अशक्त फ्युएल पंप, तुंबलेला फिल्टर किंवा मळलेला हवामापक सेन्सर तपासावा. सगळीकडे सारखीच तीन-चार टक्के वाढ दिसली, तर मात्र संशय इंधनातील बदलावर घेता येतो. ‘ई-२० मुळे बिघाड’ आणि ‘बिघाड आधीचाच, ई-२० ने उघडा पाडला’ यांतील फरक हा असा कळतो.

या नोंदींवरून ट्यूनिंग कसे होते?

ईसीयूत एक तक्ता असतो. एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला भार आणि प्रत्येक चौकटीत इंधनाचा हिशेब. ट्यूनिंग करणारा ‘वाइडबँड’ सेन्सर लावतो. साधा सेन्सर मुख्यतः मिश्रण लीन की रिच एवढेच सांगतो, वाइडबँड नेमके प्रमाण सांगतो. मग प्रत्येक चौकटीतील अपेक्षित आणि प्रत्यक्ष लॅम्ब्डाची तुलना होते. एखाद्या चौकटीत १.०० हवा असताना १.०५ मिळाला, तर तिथले इंधन पाच टक्क्यांनी वाढवायचे. ईसीयूने स्वतः केलेली ट्रिमही या हिशेबात धरावी लागते, नाहीतर दोष झाकलेला राहतो.

थंड इंजिनच्या, ॲक्सिलरेटर अचानक दाबल्या-सोडल्याच्या आणि उतारावर इंजेक्टर बंद असतानाच्या नोंदी वगळायच्या. ज्या चौकटीत मोजक्याच नोंदी आहेत, तिला हात लावायचा नाही. बदल केला की पुन्हा रस्त्यावर नेऊन नवी नोंद घ्यायची. पूर्ण ॲक्सिलरेटरवर तर काळजी आणखी वाढते. तिथे इंजिन थंड ठेवण्यासाठी मिश्रण मुद्दाम रिच ठेवले जाते आणि बऱ्याच गाड्यांत सेन्सरची तत्काळ दुरुस्ती थांबलेली असते. तिथली चूक संगणक सावरत नाही.

जागा बदलली तरी आकडे बदलतात. समुद्रसपाटीवरील मुंबईपेक्षा चाकण परिसर सहाशे मीटरहून उंच आहे, म्हणून इथली हवा पाच-सहा टक्के विरळ असते. सेन्सर हे टिपतात. पण ‘सगळ्या गाड्यांना चालणारी’ तयार फाइल मोबाइलवरून आणून ईसीयूत भरणाऱ्याने ना ती हवा मोजलेली असते, ना त्या गाडीचा फ्युएल पंप.

दुचाकींचे काय?

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले आणि दुचाकींत इंजेक्शन सर्रास आले. त्याआधीच्या बहुसंख्य दुचाकी कार्ब्युरेटरच्या आहेत. त्यांत सेन्सर नाही, ईसीयूची दुरुस्ती नाही आणि नोंदही नाही. इंधन बदलले की मिश्रण तेवढ्याने लीन होते आणि तसेच राहते. कुरुळी, महाळुंगे, मोशी भागातून पाळीला जाणारे अनेक कामगार अशाच दुचाकी वापरतात. जेट तपासणे, प्लगचा रंग पाहणे ही जुनी पद्धतच त्यांच्या हाती उरते. ई-२० च्या चर्चेत सर्वात कमी बोलले जाते ते याच वाहनांविषयी.

सरकारी आकडे काय सांगतात?

निती आयोगाच्या २०२१ मधील आराखड्यातच मायलेज घटेल असे नमूद आहे : मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवून ई-१० साठी बेतलेल्या चारचाकींत ६ ते ७ टक्के, तशाच दुचाकींत ३ ते ४ टक्के, आणि ई-१० साठी बनवून ई-२० साठी बेतलेल्या चारचाकींत १ ते २ टक्के. ई-२० ची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली. शुद्ध पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. म्हणजे पंपावर निवड नाही. निवड नसेल, तर निदान माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क ठरतो.

पीयूसी तपासणी पुरेशी नाही का?

बीएस-४ नंतरच्या पेट्रोल गाड्यांची पीयूसी करताना वाढीव आरपीएमवर लॅम्ब्डा ०.९७ ते १.०३ च्या दरम्यान असावा लागतो. पण ईसीयूने पंधरा टक्के जादा इंधन देऊन मिश्रण सावरले असेल, तरीही हा आकडा १ च्याच जवळ येतो. परिणाम योग्य दिसतो, त्यामागची ओढाताण दिसत नाही. ती फक्त ट्रिमच्या नोंदीत दिसते. अर्थात ट्रिमलाही मर्यादा आहे. रबरी नळ्या, सील किंवा टाकी यांवर इथेनॉलचा होणारा परिणाम तीत उमटत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष तपासणीच हवी.

मग काय व्हायला हवे?

मागणी खर्चिक नाही. प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळी स्कॅनर तसाही जोडला जातो. त्याच वेळी गरम इंजिनची लाँग टर्म ट्रिम जॉबकार्डवर छापावी. दोन-तीन वर्षांच्या नोंदी हाती असल्या, तर वॉरंटीचा वाद अंदाजावर नव्हे, आकड्यांवर मिटेल. १९६६ पासून वाहनांच्या चाचण्या घेणाऱ्या पुण्यातील एआरएआयसारख्या संस्थेने मालकांची ओळख वगळून अशा नोंदी गाडीच्या वयानुसार जाहीर केल्या, तर ‘काहीच होत नाही’ आणि ‘सगळे बिघडले’ या दोन्ही दाव्यांची परीक्षा होईल. कार्ब्युरेटरच्या दुचाकींसाठी कंपन्यांनी जेट बदलाबाबत स्पष्ट सूचना द्याव्यात.

गाडीमालकाने लक्षात ठेवायचे ते इतकेच : मायलेज वाढवून देतो म्हणणाऱ्याकडे आधीची आणि नंतरची नोंद मागावी. ती दाखवता येत नसेल, तर ईसीयूला हात लावू देऊ नये. गाडीचा संगणक रोज मोजमाप करतोच आहे. ते मालकाला दाखवायचे की नाही, एवढाच निर्णय बाकी आहे.