आधी फुटेज, मग प्रोसेसर

लग्नसराई जवळ आली की आपल्यातल्या अनेकांचे पाय लॅमिंग्टन रोडकडे किंवा गावातल्या असेंब्लीवाल्याकडे वळतात. हाती यादी असते : सर्वांत नवा प्रोसेसर, सर्वांत मोठे ग्राफिक्स कार्ड, सर्वांत वेगवान एसएसडी. मोठी रक्कम मोजून मशीन घरी येते आणि तीन कॅमेऱ्यांचे मल्टिकॅम लावताच टाइमलाइन अडकू लागते. अशा वेळी सुटे भाग बहुधा चांगलेच असतात. ते आपल्या फुटेजसाठी निवडलेले नसतात. यादीची सुरुवात कॅमेऱ्याच्या कार्डापासून व्हायला हवी.

सोनीचे ए७ फोर किंवा एफएक्स३ यांवरचे फोर-के, ५० फ्रेमचे एक्सएव्हीसी एचएस फुटेज घ्या. ते एच.२६५ मध्ये, ४:२:२ आणि १० बिट असू शकते. यात बहुतेक फ्रेम पूर्ण साठवलेल्या नसतात. शेजारच्या फ्रेमच्या तुलनेत काय बदलले, एवढीच नोंद असते. त्यामुळे प्लेहेड मध्येच कुठे ठेवला, तर एक फ्रेम दाखवायला अनेक फ्रेम उलगडाव्या लागतात. चिपमध्ये त्यासाठीचा डीकोडर असेल तर हे सहज होते. नसेल तर सगळा भार प्रोसेसरच्या कोअरवर येतो.

इथेच खरेदी चुकते. इंटेलच्या १२व्या पिढीपासूनच्या डेस्कटॉप प्रोसेसरांच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये एच.२६५ ४:२:२ चा डीकोडर आहे. एनव्हिडियाच्या कार्डांत तो २०२५ साली आरटीएक्स ५० मालिकेबरोबर आला. ४० मालिकेतल्या सर्वांत महाग कार्डातही तो नाही. रायझन ७००० आणि ९००० च्या डेस्कटॉप प्रोसेसरांतही नाही. म्हणून या फुटेजसाठी जुने ग्राफिक्स कार्ड ठेवणार असाल, तर थोडे पैसे वाचवायला नावापुढे ‘एफ’ असलेला इंटेल घेऊ नका. त्यात अंगभूत ग्राफिक्स मिळत नाही. तुमचे चित्रण ४:२:० असेल, तर मात्र ही अट उरत नाही.

एसएसडीचा हिशेब कागदावर करता येतो. वरच्या फुटेजचा दर सेकंदाला २०० मेगाबिट, म्हणजे २५ मेगाबाइट. तीन कॅमेरे एकदम चालले तरी ७५. साधी साटा एसएसडी ५०० च्या पुढे जाते. तेव्हा सर्वांत महागड्या एनव्हीएमईचे पैसे क्षमतेवर घाला, कारण हेच फुटेज कॅमेऱ्यामागे तासाला ९० जीबी जागा खाते. आणि दुसरी प्रत ठेवायची हार्ड डिस्क त्याच कोटेशनमध्ये धरा. लग्न पुन्हा चित्रित करता येत नाही.

रॅम ३२ जीबीपेक्षा कमी नको. फोर-के मल्टिकॅम आणि आफ्टर इफेक्ट्स नित्याचे असतील तर ६४. डीडीआर५ मध्ये चार पट्ट्यांपेक्षा दोन मोठ्या घ्या, कारण चार लावल्यावर वेग अनेकदा उतरतो. दा विंची रिझॉल्व्हमध्ये नॉइज रिडक्शन वापरणाऱ्यांनी ग्राफिक्स कार्डाची मेमरी आधी पाहावी. फोर-केला ८ जीबी लवकर तोकडी पडते.

जुना माल घेताना इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीबाबत सावध राहा. वाढीव व्होल्टेजमुळे त्यातले काही प्रोसेसर अस्थिर होतात, हे कंपनीने २०२४ मध्ये मान्य केले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बायॉस अद्ययावत आहे का, बिल आहे का, हे विचारा. पक्के बिल नसेल, तर वॉरंटीसाठी भांडायला हाती काहीच राहत नाही.

दुकानात जाताना आपल्याच कॅमेऱ्याचे फुटेज पेन ड्राइव्हवर घेऊन जा. ते टाइमलाइनवर टाकून, मागेपुढे खेचून दाखवा म्हणून आग्रह धरा. आपल्या कष्टाच्या पैशावर तेवढा हक्क आपला आहे, आणि जाणत्या दुकानदाराला या मागणीत वावगे वाटणार नाही.