ग्राइंडर स्वस्त घ्या, पण आधी घरचं व्होल्टेज पाहा

पोस्ट थोडी लांब आहे आणि विषय राजकारणाचा वाटणार नाही. पण आहे.

धान कापणी तोंडावर आली की गावोगाव एकच काम निघतं, धार लावायचं. विळे, कुऱ्हाडी, पावश्या, सुताराच्या पटाश्या, वसुले. पूर्वी हे काम लोहाराच्या भात्यावर आणि साणेवर व्हायचं. आता कित्येक गावांत भाता थंड आहे, म्हणून हाताचं काम येणारी पोरं घरीच पडवीत छोटं वर्कशॉप थाटतात. वेल्डिंग मशीन, ड्रिल, आणि मग प्रश्न येतो, "भाऊ, बेंच ग्राइंडर कोणता घेऊ? स्वस्तातला सांगा." (बायको म्हणते, घरात ग्राइंडर आहेच की! तो चटणीचा. हा वेगळा.)

दोन-अडीच हजारांपासून सहा इंची मिळायला लागतो. घरच्या कामाला सहा इंचीच पुरतो, आठ इंचीच्या मागे लागू नका. पण खोक्यावरचं चित्र पाहून घेऊ नका, वॅट वाचा. अर्धा एचपी म्हणजे साधारण 373 वॅट. दीडशे वॅटची मशीनही त्याच आकाराची दिसते आणि चाकही तेवढंच असतं. कुऱ्हाड टेकवली की मात्र ती दम तोडते. उचलूनही पाहा. हलकी मशीन टेबलावर नाचते. ऑनलाइन जाहिरातीत 3450 आरपीएम लिहिलेलं दिसलं तर भुलू नका, तो आकडा अमेरिकेतल्या 60 हर्ट्झ विजेचा. आपल्या 50 हर्ट्झवर दोन पोलची मोटर 2800-2850 च्या आसपासच फिरणार. ज्यानं हा आकडा तसाच उतरवून टाकला, त्यानं बाकीचं किती तपासलं असेल?

आता मुख्य गोष्ट. अशा मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. म्हणजे 230 च्या जागी 180 व्होल्ट आले तर जोर पाऊणपट राहत नाही, साठ टक्क्यांवर येतो. संध्याकाळी कृषिपंप आणि घरचे पंखे-दिवे एकाच डीपीवर चालू झाले की शेवटच्या घराला काय मिळतं, ते मी सांगायची गरज नाही. मशीन गुणगुणते, फिरत नाही, तापते, आणि वाइंडिंगचा वास येतो. दुकानदार म्हणतो, वॉरंटीत बसत नाही. पोरगा म्हणतो, कंपनी बोगस. दोघांनाही व्होल्टेज मोजावंसं वाटत नाही. आपल्याच जिल्ह्यात, तिरोड्याला, 3300 मेगावॅटचं औष्णिक केंद्र उभं आहे. आणि पडवीतला अर्धा एचपी चालत नाही! स्वस्त-महागाचा हिशोब इथून सुरू होतो. ज्याच्या घरी वीज बरी, त्याला तीन हजारांची मशीन दहा वर्षं पुरेल. ज्याच्या घरी बरी नाही, त्याला तीच मशीन दोन हंगामांत दोनदा घ्यावी लागेल. गरिबाला स्वस्त वस्तू महाग पडते ती अशी. म्हणून मीटर घेऊन सकाळ-संध्याकाळ आठ दिवस व्होल्टेज लिहून ठेवा. मग अर्ज करताना "लाइट कमी येते" असं मोघम लिहावं लागणार नाही, तारीख-वेळेसह आकडे देता येतील.

काही जण म्हणतात, कशाला बेंच ग्राइंडर, चार इंची अँगल ग्राइंडर हजार-दीड हजारात येतो, तो शिकंजात धरला की झालं. कापायला, वेल्डिंग घासायला तो उत्तमच. धारेला नाही. तो मिनिटाला 11,000 च्या आसपास फेऱ्या घेतो. पातं क्षणात निळं पडतं, आणि निळं पडलं म्हणजे पाणी उतरलं, ती धार मग टिकत नाही. त्याहून वाईट म्हणजे बेंच ग्राइंडरचा सहा इंची दगड त्यावर चढवायचा जुगाड. बेंचवर त्या दगडाच्या कडेचा वेग सेकंदाला 22 मीटर असतो, 11,000 फेऱ्यांवर तो 86 होतो. दगडाची मर्यादा साधारण पस्तिशीत असते, ती त्याच्यावरच छापलेली असते. फुटला तर तुकडा कुठे जाईल ते सांगता येत नाही.

नवा दगड बसवण्याआधी बोटावर लटकवून लाकडी मुठीनं हलकेच वाजवा. खणखणला तर ठीक, भद्द आवाज आला तर तडा आहे, फेकून द्या. डाव्या बाजूचा नट उलट्या आट्याचा असतो, उगाच जोर लावून मोडू नका. टेकण आणि दगड यांत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको, पातं आत ओढलं जातं. धारेसाठी 60 ते 80 ग्रिट बरा, आणि शेजारी पाण्याचं भांडं. दातेरी विळा, म्हणजे दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वैभव विळ्यासारखा, दगडावर धरूच नका. दाते गेले की विळा गेला.

आणि चष्मा. शे-सव्वाशेचा. 1948 च्या कारखाना कायद्यात डोळे जपण्यासाठी स्वतंत्र कलम होतं, 35 वं. पडवीतल्या वर्कशॉपला असा कायदा शिवतही नाही. डोळ्यात कण गेला की आपल्याकडे शेजारी रुमालाच्या टोकानं काढतो. लोखंडाचा तापलेला कण बुबुळात रुततो, तो काढायचा तर डॉक्टरनंच.

आता सरकारकडे येऊ. पीएम विश्वकर्मा योजना 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली, वर्षपूर्तीचा कार्यक्रम तर आपल्या विदर्भातच, वर्ध्याला झाला. अठरा व्यवसाय आहेत, त्यात लोहार आणि सुतारही. टूलकिटसाठी 15,000 पर्यंतचं ई-व्हाऊचर, प्रशिक्षणात रोज 500 रुपये, पुढे पाच टक्के व्याजानं आधी एक लाख, मग दोन लाखांपर्यंत कर्ज. योजना चांगली आहे, मी नावं ठेवत नाही. पण किट घेताना किती वस्तू आल्या ते मोजू नका. मोटर किती वॅटची, वाइंडिंग तांब्याचं की ॲल्युमिनियमचं, दुरुस्ती गोंदियात होते की नागपूरला पाठवावी लागते, हे विचारा. लाभ घरटी एकालाच मिळतो, तो हलक्या मशीनवर घालवू नका.

आणि ज्याला यातलं काहीच बसत नाही, त्यानं स्वतः मशीन घ्यावीच का? वर्षातून पंधरा दिवस लागणारी वस्तू घरोघरी कशाला? कृषी अवजारे बँकेत ट्रॅक्टर, रोटाव्हेटर असतात, धार लावायची मशीन मी तरी कुठे पाहिली नाही. आठ इंची, दणकट, सिमेंटच्या ओट्यावर बोल्टनं घट्ट बसवलेली एक मशीन, दोन चष्मे, आणि गावातल्याच लोहाराच्या हाती ताबा. नगामागे दहा-वीस रुपये त्यानं घ्यावेत. त्याचाही भाता पुन्हा पेटेल. येत्या ग्रामसभेत हा विषय लेखी द्या, विकास आराखड्यात घ्यायला सांगा, आणि सोबत त्या आठ दिवसांच्या व्होल्टेजचा कागदही जोडा.