प्यादेमात

तुळशीच्या लग्नाला आजोळी जायचे, हा आमच्या घरचा जुना रिवाज. आई होती तोवर ती आम्हाला नेत असे, आता मी बायको-मुलीला घेऊन जातो. जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरायचा, साखळी-डिचोली मागे टाकायची आणि पेडणे तालुक्यात हळर्णला मामांच्या अंगणात गाडी उभी करायची. गोव्यात या सणाला व्हडली दिवाळी म्हणतात. तुळशीपाशी ऊस, दिण्याची काठी, आवळे आणि चिंचा, घरात मामींच्या हातचे फोव.

२०२५ साली या सणाला आणखी एक निमित्त जोडले गेले. हळर्णपासून तासाभराच्या अंतरावर, हडफडे येथे, नोव्हेंबरच्या पहिल्याच दिवशी बुद्धिबळाच्या विश्वचषकाचे डाव सुरू झाले. जगभरातले २०६ खेळाडू गोव्यात उतरले होते. माझ्यासारख्या बुद्धिबळाच्या वेड्याला याहून मोठी दिवाळी कोणती? एरवी मी महिनाभर आधीच घर डोक्यावर घेतले असते. या वेळी मात्र घरात बुद्धिबळाचा विषय काढायची सोय नव्हती. आमच्या नववीतल्या मुलीने मे महिन्यापासून पटाला हात लावला नव्हता. पट कपाटावर आणि मोहरे चहाच्या जुन्या डब्यात पडून होते.

असे का झाले, ते आज सांगून टाकतो. चूक माझी आहे. आणि आपल्या वाचकांत स्पर्धेला मुलांना घेऊन जाणारे आईबाप पुष्कळ आहेत.

मे महिन्यात शेजारच्या एका शहरात स्पर्धा होती, स्विस पद्धतीची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही पद्धत १८९५ साली स्वित्झर्लंडमधल्या झुरिकला प्रथम वापरली गेली, म्हणून तिचे नाव स्विस. हिच्यात हरलेला बाहेर पडत नाही. साधारण आपल्याइतकेच गुण असलेल्या खेळाडूशी त्याची पुढच्या फेरीत गाठ पडते. मोठी माणुसकीची पद्धत आहे. पण तिच्या जोडीला रेटिंग नावाचे प्रकरण असते. फिडे या जागतिक संघटनेच्या हिशेबात अठरा वर्षांखालच्या मुलांचा गुणक ४० धरतात. आपल्याइतक्याच रेटिंगच्या खेळाडूला हरवले की वीस गुण येतात, हरले की वीस जातात. मार्च २०२४ पासून रेटिंगची खालची मर्यादा १००० वरून १४०० झाली. त्याखाली घसरलेल्याचे रेटिंगच राहत नाही. आमच्या मुलीचे रेटिंग १४०० च्या जेमतेम वर होते. ती ते विसरून खेळे. मला रात्री झोपेतही ते आकडे दिसत.

शेवटच्या फेरीत तिचा डाव जिंकलेला होता. तिच्याकडे राजा आणि वजीर, समोर एकटा काळा राजा, तोही कोपऱ्यात. तिने घाईत वजीर त्या राजापासून घोड्याच्या अडीच घरांवर नेऊन ठेवला. पट मांडून बघा. कोपऱ्यातल्या राजाला शह बसत नाही, पण हलायला एकही घर उरत नाही. झाली कोंडी! नियमाप्रमाणे डाव बरोबरीत. समोरच्या मुलाने आनंदाने हात पुढे केला. आमच्या मुलीने तो हातात घेतला आणि ती पटाकडे बघत राहिली.

परतीचे अंतर दोन तासांचे. पहिली दहा मिनिटे मी गप्प होतो, तेवढेच माझे पुण्य. मग सुरू झालो. घाई का केलीस? हे तुला कितीदा दाखवले होते? क्लासची फी, स्पर्धेची फी, माझ्या सुट्ट्या, सगळे बाहेर काढले. ती मागच्या सीटवर खिडकीला डोके टेकून बसली होती. घरी आल्यावर न जेवता खोलीत गेली. बायको धारवाडची. ती दाराशी उभी राहून हाक मारत होती, "सोतरू ऊट माडबेकल्ल!" हरले तरी जेवायला हवेच ना! मी त्यावरही म्हणालो, "ती हरलेली नाही, डाव बरोबरीत सुटलाय. आणि तेच तर वाईट आहे." बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती अजून विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी पट कपाटावर गेला. रागारागाने गेला असता तर मी समजलो असतो, पण तिने तो नीट पुसून ठेवला होता.

स्पर्धा स्विस होती. माझी गाडी मात्र बाद पद्धतीची निघाली.

आता हळर्णची गोष्ट. मामांचे वय अठ्ठ्याहत्तर. आयुष्य नारळ-सुपारीच्या बागायतीत गेले. बुद्धिबळ मी त्यांच्याकडूनच शिकलो, पण ते खेळतात देशी पद्धतीने. त्यांच्या पटावर प्यादे पहिल्या चालीला दोन घरे जात नाही, एकच जाते. किल्लेकोट नाही. त्याऐवजी राजाला एकही शह बसलेला नसेल, तर तो एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारून आडोशाला जाऊ शकतो. प्यादे शेवटच्या घरात पोचले तर मनाला येईल तो मोहरा मागता येत नाही. ज्या मोहऱ्याचे ते घर, तोच मोहरा मिळतो. आणि मात कोणत्या मोहऱ्याने दिली याला मान आहे. वजिराने मात कोणीही देईल. प्याद्याने दिली तर ती प्यादेमात, सगळ्यांत मानाची.

हे नियम गावोगाव थोडे बदलत. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांशी त्यांची गाठ पडली ती इंग्रजी अमदानीत. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरचे पुस्तक इंग्रजीत छापून निघाले. मूळ संस्कृत ग्रंथातले डाव युरोपीय पद्धतीला जुळवून घेतले आहेत, असे त्याच्या नावातच म्हटले होते. म्हणजे कोणाच्या नियमांनी खेळायचे हा प्रश्न दोनशे वर्षांपूर्वीही होता. आपल्या कन्नड वाचकांना म्हैसूरचे मुम्मडी कृष्णराज वडेयर (१७९४–१८६८) ठाऊक असतील. घोड्याने, म्हणजे आपल्या कुदुरेने, चौसष्ट घरांत प्रत्येक घरी एकदाच पाऊल ठेवून फेरी पुरी करायची, या कोड्याच्या रचना करण्यात ते रमत. पुढे पंजाबचा मीर सुलतान खान देशी पद्धतीत तयार होऊन आंतरराष्ट्रीय नियम मागाहून शिकला, आणि १९२९, १९३२ व १९३३ असा तीनदा ब्रिटनचा विजेता झाला. मामांचा खेळ अडाण्यांचा नाही, एवढेच मला सांगायचे आहे. मी मात्र कॉलेजात असताना त्यांना एकदा म्हणालो होतो, "मामा, तुमचे नियम चुकीचे आहेत." त्यावर ते नुसते हसले होते.

त्या रविवारी दुपारी मामांनी ओटीवर पट मांडला. मला वाटले, माझ्यासाठी. पण त्यांनी हाक मारली ती माझ्या मुलीला, "बाय, येतेस?" ती माझ्याकडे न बघता त्यांच्या समोर जाऊन बसली. तिने आईच्या माहेरच्या सवयीने सगळ्याच आजोबांना अज्जा करून टाकले आहे. "अज्जा, मला तुमचे नियम येत नाहीत," ती म्हणाली. मामा म्हणाले, "माका तरी तुझे खंय येतात?"

मी वर्तमानपत्र धरून शेजारच्या खुर्चीत बसलो. वाचत काहीच नव्हतो.

मध्येच तिने विचारले, "अज्जा, तुमच्यात कोंडी झाली तर? राजाला शह नाही आणि चालही नाही, असं झालं तर?"

माझ्या हातातले पान हलले.

मामा म्हणाले, "कोंडी करायची नाही. झालीच तर ज्याने केली त्याने चाल परत घ्यायची, दुसरी खेळायची. समोरच्याला हलायला जागा ठेवायला नको?"

"चाल परत?"

"परत."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने उंट उचलला आणि डाव पुढे चालू झाला.

तासाभराने डाव असा आला की तिला वजिराने एका चालीत मात देता येत होती. मला ती दिसत होती, आणि तिलाही दिसत असणार. पण ती वजिराला हात लावीना. ती एक प्यादे पुढे सरकवत होती. प्यादेमात द्यायची होती तिला! मामांचा राजा निसटू लागला आणि मला राहवले नाही. "अगं, वजीर! सरळ मात आहे!"

तिचा हात पटावरच थांबला. मे महिन्यातला तोच चेहरा क्षणभर परत आला. मामांनी मान वर केली आणि शांतपणे मला म्हणाले, "तुका कोणें विचारलें?"

मी उठलो. नदीकाठी किल्ल्यापर्यंत चालत गेलो. घाटावरून तिळारी म्हणून उतरलेली नदी इथे शापोरा होते, तिच्या काठी हळर्णचा किल्ला आहे. १७४६ साली तो पोर्तुगिजांनी सावंतवाडीकर भोसल्यांकडून घेतला. त्या विजयावरून पोर्तुगीज व्हाइसरॉयला पुढे मार्केझ द अलोर्न हा किताब मिळाला आणि आमच्या एवढ्याशा गावाचे नाव लिस्बनच्या सरदारांत जाऊन बसले. वर्गात ही गोष्ट मी दरवर्षी रंगवून सांगतो, कारण मी इतिहास शिकवतो. त्या दिवशी मात्र तटापाशी बसून मी एकच हिशेब करत होतो: ज्या माणसाने मला हा खेळ शिकवला, त्याने माझ्या चुकीवरून मला कधी काय सुनावले होते? पुष्कळ आठवून पाहिले. एकही प्रसंग आठवला नाही. हरलो की मामा मोहरे पुन्हा मांडायला घेत, बस्स.

परत आलो तेव्हा डाव संपला होता. तिचे प्यादे मामांच्या हत्तीने खाल्ले, नंतर वजीरही अडकला आणि ती हरली. हातातला डाव घालवून हरली, आणि हसत होती! मामींना सांगत होती, "दोन घरं राहिली होती मामीआज्जी, दोनच!" मामा मोहरे पुन्हा मांडत होते.

संध्याकाळी मोबाइलवर हडफड्याची बातमी आली. नागपूरची दिव्या देशमुख पहिल्याच फेरीत बाद. त्याच वर्षी जुलैमध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकून ती ग्रँडमास्टर झाली होती. आमच्या मुलीच्या खोलीत तिचा फोटो आहे, तो कपाटावर गेला नव्हता. बातमी वाचून मुलगी थोडा वेळ गप्प बसली, मग मला म्हणाली, "बाबा, हरल्यावर ती गाडीत कोणाबरोबर बसली असेल?"

मला उत्तर देता आले नाही. एवढेच म्हणालो, "माझ्यासारख्याबरोबर बसली नसेल, अशी आशा करू या." ती हसली नाही, पण उठूनही गेली नाही.

विश्वचषक पुढे महिनाभर चालला. तिसऱ्या फेरीत जर्मनीच्या फ्रेडरिक स्वानेने जगज्जेत्या गुकेशला घरी पाठवले. शेवटी उझबेकिस्तानचा जावोखिर सिंदारोव जिंकला, वय एकोणीस. बाद पद्धतीचा हिशेब सोपा असतो. २०६ खेळाडूंतून एक विजेता निवडायचा तर २०५ जणांना हरावेच लागते. खेळायला येणारा प्रत्येक जण हे जाणून येतो. गोव्याने या खेळाला अनुराग म्हामल, लिऑन मेंडोन्सा, भक्ती कुलकर्णी, इव्हाना फुर्तादो अशी माणसे दिली. त्यांची पदके आपण मोजतो. पण त्यांच्या आईबापांनी परतीच्या किती प्रवासांत काय बोलायचे टाळले असेल, ते कुठल्या यादीत येत नाही.

आमच्या घरची बातमी लहान आहे. पट कपाटावरून खाली आला. येत्या मे महिन्यात एक स्पर्धा खेळते, असे ती म्हणाली आहे, पण तिने एक अट घातली आणि वहीच्या कागदावर लिहून माझी सही घेतली. हरो की जिंको, ती आपणहून बोलेपर्यंत गाडीत बाबांनी डावाविषयी एक शब्द काढायचा नाही. साक्षीदार म्हणून आईने कन्नडमध्ये सही केली आहे. रेटिंग १४०० च्या खाली गेले तर? तोही प्रश्न मी सहीच्या वेळी तोंडात आणला नाही, गिळला.

त्या रविवारी रात्री हळर्णहून निघालो, तेव्हा मामा गाडीपर्यंत आले होते. खिडकीतून मला म्हणाले, "सावकाश जा." घाट चढताना मागच्या सीटवर अंधार होता. कणकुंबी गेली. मी गप्प होतो. जांबोटीच्या अलीकडे मागून आवाज आला, "बाबा, वजिराची मात मला दिसली होती हं."

मी म्हणालो, "माहीत आहे."

"मला प्याद्यानेच द्यायची होती."

बेळगाव येईपर्यंत ती त्या डावाबद्दलच बोलत होती. मी गाडी चालवत ऐकत होतो.